खाटेची जागा

५ फेब्रुवारी, बुधवार

नव्याण्णव! भिंत ते भिंत, दोनदा मोजलं. नव्याण्णव चौरस फूट. जीव भांड्यात पडला. शंभरच्या आत असलं की दुकानाची नोंदणी साध्या अर्जावर होते. वर गेलं की अग्निशमनवाल्यांचा दाखला, मागचा दरवाजा, अमुक नि ढमुक. एका फुटानं वाचले.

मालकीणबाईंनी त्यांचं शिवणाचं दुकान बंद केलं, तेव्हा बावीस वर्षांनंतर माझ्या वाट्याला आलं एक जुनं मशीन, माझी कात्री आणि माझी रोजची टेप. ठीक आहे. एवढ्यावर दुकान काढता येतं. दुरुस्तीचं, अल्टरचं. पण मला दुकान हवंय ते ह्यांच्यासाठी. मागच्या भिंतीशी, खिडकीखाली ह्यांची खाट. ते ठरलंय, त्यात बदल नाही.

ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं एकेक शब्दाचं. घरी एकटं कोंडून कामाला जायचं म्हणजे जीव टांगणीला. गेल्या महिन्यात पडले, मी येईपर्यंत तीन तास फरशीवर. पुन्हा नाही! ह्यांच्या धाकट्या भावाचं आपलं एकच — "वहिनी, दादाला माझ्याकडे पाठवा." दहा तासांचा प्रवास. नवरा म्हणजे काय पार्सल आहे?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नोंदणी कार्यालय. तीन नंबरच्या खिडकीवरच्या बाईचं नाव मी उद्याबाई ठेवलंय. "भाडेकराराच्या दोन प्रती लागतात. उद्या या." "जागामालकाचं संमतिपत्र? उद्या या." म्हटलं, उद्या शनिवार, सुट्टी ना? तर मान वर न करता — "मग सोमवारी या."

८ फेब्रुवारी, शनिवार

जागावाले काका संमतिपत्र द्यायला तयार. पण — "महिनाअखेर प्रमाणपत्र दाखवा हं. तो मोबाइलवाला जागेवर टपून बसलाय."

१२ फेब्रुवारी, बुधवार

घेतला एकदाचा अर्ज! क्षेत्रफळाच्या रकान्यात ९९. खाली छापलेलं — वरील माहिती खरी आहे. ठसठशीत सही ठोकली.

आल्या आल्या ह्यांना सांगितलं. खिडकीतून रस्ता दिसेल, येणारंजाणारं माणूस दिसेल, चार शब्द बोलाल, बरं वाटेल. मी आपली बोलतेय बोलतेय. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थकतात फार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गाडी करून ह्यांना दुकानात आणलं. शेजारच्या दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. छान मावली खाट! पाय ठेवायलासुद्धा जागा उरली.

तेवढ्यात एक बाई पँट आखूड करायला घेऊन आली. अजून पाटी नाही, तरी आली! मला म्हणे, "हे कोण? काय झालंय ह्यांना?" मी सगळं सांगितलं, माझ्या तोंडाला कुठे कुलूप असतं. हे चादर नाकापर्यंत ओढून घेत होते, डाव्या हातानं. खिडकीतून ऊन येतं बहुतेक. पडदा शिवायला हवा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तपासनीस आले. लोखंडी टेप लावली. एकशे चार.

मी हसलेच. म्हटलं, साहेब, पुन्हा मोजा. त्यांनी मोजलं. एकशे चार. मग माझी टेप त्यांच्या टेपशेजारी जमिनीवर पसरली. साठ इंचांत दीड इंचाचा फरक! वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणली गेली, आणि लांब झालेल्या टेपनं खोली लहान भरली.

"बाई, तुम्ही ह्या टेपनं कपडे शिवता?" शिवते! अंग ह्याच टेपनं मोजते, कापडही ह्याच टेपनं. कुणाची बाही कधी आखूड झाली नाही. कळणार कसं? कापडाच्या टेपनं भिंती मोजायला गेले, माझंच डोकं फिरलेलं.

खोटी माहिती असा शेरा मारणार होते. मग खाटेकडे बघितलं. हे डोळे मिटून पडले होते. साहेब म्हणाले, "दुरुस्तीचा अर्ज द्या. अग्निशमनचा माणूस मी माझ्याबरोबर आणतो. पण मागचा दरवाजा करावा लागेल. आणि दरवाजापुढचे तीन फूट मोकळे."

२० फेब्रुवारी, गुरुवार

दरवाजा होऊ शकतो तो फक्त खिडकीच्या जागी. पुढचे तीन फूट मोकळे, म्हणजे खाट गेली.

सकाळपासून कागदावर चौकोन काढतेय. मशीन इकडे, टेबल तिकडे. कापायचं टेबल काढलं तर खाट बसते. पण टेबल काढून शिवू काय, कपाळ? सुतार म्हणाला, एका भिंतीला पुढे फळ्या मारू, शंभरच्या आत येईल. धावत गेले विचारायला. उद्याबाई म्हणाली, "भिंत ते भिंत मोजतात हो. फळ्या नाही मोजत." पहिल्यांदाच उद्या या म्हणाली नाही.

दुसरी जागा? ही मिळायला चार महिने लागले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काही सुचत नाही. रडले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

भाऊजींना फोन केला. नुसतं 'हॅलो' म्हटलं. त्यांना काय कळायचं ते कळलं. "वहिनी, शनिवारी येतो मी." किती चांगला माणूस! आणि आज मला त्यांचा इतका राग आला.

ह्यांना सांगितलं. मान हलवली फक्त.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गवंड्यानं खिडकी फोडली. धूळच धूळ. खाट बाहेर रस्त्यावर उभी करून ठेवली होती, लोक विचारत होते विकायचीय का.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल तपासनीस आणि अग्निशमनचा माणूस, दोघंही येऊन दरवाजा बघून गेले. आज प्रमाणपत्र मिळालं. शिक्का, सही, माझं नाव, एकशे चार चौरस फूट. उद्याबाई चक्क हसली, "काढा आता दुकान जोरात!" काकांना दाखवलं. मोबाइलवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं असेल. मला काहीच वाटलं नाही.

१ मार्च, शनिवार

नेलं.

औषधांच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या, शर्टाची बटणं काढून चिकटपट्ट्या शिवून दिल्या, एका हातानं लावता येतात. गाडीत बसवताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रागावले असतील. रागावणारच. दुकान ठेवलं आणि नवरा दिला मी.

४ मार्च, मंगळवार

तीन पँटी, एक चेन, पडद्यांचा जोड. मागचा दरवाजा उघडा ठेवते. वारा चांगला येतो.

९ मार्च, रविवार

फोन केला. भाऊजींनी ह्यांच्या कानाला लावून धरला. म्हटलं, रागावू नका हो, मोठी जागा बघते, खाटेसकट, पुन्हा अर्ज करते, पुन्हा पायऱ्या झिजवते, तुम्हाला आणतेच.

"नको."

मग एकेक शब्द — "लोकांसमोर — पडून — राहायचं — नव्हतं मला."

मी त्यांना कधी विचारलं होतं? एकदाही नाही.