पहिल्या तोड्याची शेवंती

आबा, काल दिवेलागण झाल्यावर मी शिरूरच्या त्या गोऱ्यांच्या कबरस्तानात जाऊन आले. विलायतेच्या राणीच्या काळातल्या कबरी अजून तशाच आहेत, घाणेरी मात्र माजलीय. तुम्ही काढायचात तशी मीही फाटकाशी चप्पल काढली आणि काटे टोचून घेतले.

आपण पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मी सहावीत होते. धाकट्या बहिणीला जाऊन वर्ष होत आलं होतं. लहान लेकरांना पुरतात तसं तिला घोड नदीच्या काठी पुरलं होतं. पुढे पूर आला आणि ती जागाही वाहून गेली. शेवंतीच्या पहिल्या तोड्यातली ओंजळभर फुलं देवाला द्यायची आपली रीत. त्या वर्षी तुम्ही ती धोतराच्या सोग्यात बांधलीत आणि अंधार पडल्यावर मला तिथे नेलंत. दिवसा गेलो असतो तर भावकीने वेड्यात काढलं असतं. गवत कापायला गेला होतात तेव्हा एक बुटकी कबर तुम्ही हेरून ठेवली होती. कंदील वर धरून म्हणालात, "वाच की गं. विंग्रजी येतंय न्हवं तुला?"

कुठलं येतंय! पण गावभर मिरवून झालं होतं. मी ठोकून दिलं, "मुलगी हाय आबा. पाच वर्साची."

"म्हंजी आपल्या धाकटीयेवढी," तुम्ही खालीच बसलात. "हिचंबी कुनी न्हाई हितं."

तेव्हापासून दर वर्षी पहिला तोडा तिचा. एकदा मी वैतागून म्हणाले, आता पुरे. कधी नव्हे ते माझ्यावर ओरडलात, "हिला जागा तरी हाय!"

काल मोबाईलच्या उजेडात शेवाळ खरवडून वाचलं. आबा, तो एक्केचाळीस वर्षांचा सार्जंट आहे, तापाने गेलेला. आधी हसूच फुटलं. तुम्ही जन्मभर एका मिशाळ गोऱ्याला "खा बाळा, झोप बाळा" म्हणत आलात. मग रडू आवरेना. तुमची राखही आम्ही घोडलाच दिली. फार आठवण येते तुमची, आणि फुलं ठेवायला मलाही तो सार्जंटच उरलाय.

त्याच्यापाशी फुलांखाली ठेवायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. ठेवणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक आहे. पण तिकडे कुणीतरी वाचून दाखवेल आणि धाकटीची जागा पुन्हा जाईल, याची मला या वयातही भीती वाटते.