खोलीवरची पाळी

रत्नागिरी, ९ नोव्हेंबर १९८८

प्रिय रावजी,

तुझं पत्र पोचलं. गिरणीची भिंत पाडली, चिमणी उतरवायला घेतली, परळ स्टेशनापासून आपल्या चाळीपर्यंत नवा रस्ता आखला, हे सगळं मी देवळातल्या बैठकीत मोठ्याने वाचलं. तिथे आता कचेऱ्या आणि लिफ्टच्या इमारती होणार म्हटल्यावर म्हातारा हरिश्चंद्र विचारतो, मग भोंगा कोण वाजवणार? सगळे हसले.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. चाळीतल्या सामायिक खोलीच्या बदल्यात नव्या इमारतीत आपल्या गावाला खोली मिळायची तर मोजणीच्या साहेबाला राहता भाडेकरू दाखवायला हवा, आणि भाड्याची पावती अजून भिकाजीआप्पांच्या नावावर! आप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली. खोली गावाची, नाव कुणाचं का असेना, असं म्हणत आपण शहाणे गप्प बसलो. बावीस ट्रंका, बावीस खुंट्या, आणि भाडेकरू स्वर्गात. आता ज्याचं नाव लागेल त्याने इमारत होईपर्यंत तिथेच राहायचं. तीन वर्षं तरी धर.

सगळ्यांनी तुझंच नाव घेतलं. रावजी तिथेच आहे, त्याला सवय आहे, म्हणाले. मीही मान हलवली. तेवढ्यात बायकांतून तुझी गुणवंती उठली. "माजा मानूस घरी कदी येनार, ता आदी सांगा," एवढंच म्हणाली आणि बसली.

मला आपली गादी आठवली. बारा वर्षं दोघांत एक. तू रातपाळीहून यायचास तेव्हा मी उठायचो, गादी गार व्हायलाही सवड नसे. जागेपणी आपली भेट फक्त सुट्टीच्या दिवशी. संपाच्या आठव्या महिन्यात खोली राखायला एकाने थांबायचं ठरलं, तेव्हा मीच म्हणालो होतो, कापणी आटोपून दिवाळीनंतर येतो, मग तू जा. रावजी, ती धरून सात कापण्या झाल्या. मला मिरजोळ्याच्या कारखान्यात काम लागलं, गाय घेतली, लेकीचं लग्न केलं. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी विसरल्याचं सोंग घेतलं. मला लाज वाटते.

आणखी एक सांगतो. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी, खोकल्याच्या आणि रक्ताच्या, मी वाचताना गाळल्या होत्या. त्या वाचल्या असत्या तर तुझं नाव कुणीच घेतलं नसतं, आणि मग माझ्याकडे सगळ्यांची नजर गेली असती. गुणवंती बसल्यावर मी पत्र पुन्हा खिशातून काढलं आणि त्या ओळी वाचल्या. मग म्हणालो, माझं नाव लावा.

तुझी मथुरावहिनी दोन दिवस माझ्यावर रागावून होती. आज मात्र कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय. पुढच्या शुक्रवारच्या एसटीने निघतो, शनिवारी सकाळी पोचेन. तू ट्रंक भरून ठेव, रविवारची परतीची गाडी धर. गादी गुंडाळू नकोस, तशीच राहू दे.

तुझाच,
पाळीवर सहा वर्षं उशिरा येणारा
भागोजी