इंजेक्शननंतरचा तास

३ नोव्हेंबर, सोमवार
नागपूरहून भद्रावतीला परतले. डोक्यातल्या गाठीचा पेट स्कॅन झाला. किरणोत्सारी साखर शिरेत टोचतात. गाठ ती हावरटासारखी खाते आणि चित्रात उजळते. किती उजळली यावरून माणूस पुढे किती दिवस काढेल याचा अंदाज. डॉ. म्हणाले, "मॅडम, विचारलंत तरच सांगीन." नका सांगू म्हटलं. गावोगाव अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांत 'प्रश्न विचारा' म्हणून घसा फोडणारी मी!

इंजेक्शननंतर तासभर अंधाऱ्या खोलीत एकटीनं पडायचं. वाचायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. बोललं की मेंदूतला बोलण्याचा भागही उजळतो, आणि माझी गाठ त्याला खेटून. तासभर गप्प राहिले. ऐकणाऱ्यांना खरं वाटणार नाही.

मग हुकूम: आज गरोदर बायका, लहान मुलं यांच्यापासून लांब. भाची बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. वहिनीनं माझं ताट ओसरीच्या टोकाला ठेवलं. पाणी वरून ओतलं. वरून! आमच्या आज्या गावच्या विहिरीवर असंच पाणी प्यायच्या. दोघींच्या एकदमच लक्षात आलं. मला हसू फुटलं. "हसू नका ना बाई," म्हणाली, आणि तीच रडायला लागली.

६ नोव्हेंबर
डॉ.चा फोन. चित्र वाचता येत नाही. गाठीशेजारचा बराच भाग उजळलाय. गाठ पसरली, की मी बोलत होते?
"नाही," ठासून सांगितलं.
"टेक्निशियन म्हणतात, बोलत होता."
मग त्यांनाच फोन द्या म्हटलं. रजनीबाई. वयानं माझ्याएवढ्याच असतील.
"मॅडम, माइकवरून दोनदा म्हटलं, चूप राहा. तुम्ही बोलूनच राह्यल्या होत्या."
"काय बोलत होते?"
"एकच. पुजारीभाऊ, मले सांगा, किती राह्यले?"

७ नोव्हेंबर
ते आईचं वाक्य.
कुरखेड्याकडचं आमचं गाव. मी लहान, बाबा तापानं फणफणलेले. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तरी आई मला घेऊन पुजाऱ्याकडे गेली. त्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, जोड्या लावत बसला. आई पुन्हा पुन्हा विचारत होती, किती राह्यले. दाणे म्हणाले, दिवस भरपूर आहेत. दवाखाना राहिला. बाबा गेले.
माझं प्रत्येक भाषण या सुपापासून सुरू होतं. पण आईचं ते वाक्य मी कोणत्याही सभेत कधी उच्चारलेलं नाही. मग रजनीबाईंना कुठून

८ नोव्हेंबर
डॉ.: गाठीमुळे बारीक झटके येतात, त्यात माणूस बोलतो आणि त्याला आठवत नाही. गोळ्या वाढवल्या. स्कॅन पुन्हा. पटलं. पटायलाच हवं.

११ नोव्हेंबर
वहिनी म्हणते, मी घरीही बोलते. पहाटे.
"आधी काऊन नाई सांगितलं?"
"मले वाटलं, भाषण पाठ करून राह्यल्या. तुम्ही झोपेत बी सभाच घेत असान!"
"काय म्हणते मी?"
तिनं भाकरी तव्यावर टाकली. "काहीतरी विचारता, बाई. मंग थांबता. कोणी सांगून राह्यलं असं ऐकता. अन् मान हलवता."
आता झोप येत नाही. आली तरी नको वाटते.

१४ नोव्हेंबर
भाचीनं हात धरला. "आत्या, बारशाले तूच बोलशील ना? पण लांबवू नको. पोरगं पाळण्यातच म्हातारं होईन."
हो म्हणून बसले. बारसं माघात. कशाच्या जोरावर हो म्हटलं? ठरवलं: या वेळी डॉ.ना विचारायचं. खोटं वचन देणारे पुढारी कमी आहेत का.

१७ नोव्हेंबर, नागपूर
दुसरा स्कॅन. या वेळी दोन बोटं ओठांवर दाबून पडले. हलले तर कळावं. अंधार. भिंतीपलीकडे यंत्राची घरघर. ओठ हलले नाहीत. पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे, ओठ हलले नाहीत.

दार उघडलं. रजनीबाई उंबऱ्यातच थांबल्या, आत येईनात.
"आज विचारलं का मी?"
"नाई मॅडम. आज विचारलं नाई. आज सांगून राह्यल्या होत्या."
"काय?"
सांगितलं त्यांनी. एक आकडा. महिन्यांचा.
तो इथे लिहिणार नाही. लिहिला तर मी त्या सुपाशी जाऊन बसले असं होईल.

चित्रं काढून झाली. डॉ. खुशीत बाहेर आले. "शाबास मॅडम. बोलण्याचा भाग अगदी शांत आहे. आज एक शब्दही बोलला नाहीत तुम्ही. आता मला नीट सांगता येईल."
मागे उभ्या रजनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाकावर बसून लिहिते आहे. आतून हाक आली. जाते. विचारणार म्हणजे विचारणारच. त्यांचाही आकडा तोच निघाला, तर