कासवाची लाल पट्टी

१२ नोव्हें. २००६, वसमत
माशांच्या दुकानातल्या टाक्या धुतल्या. कंबर गेली. गेल्या महिन्याच्या मालातलं एक कासव घासताना अंगठा लाल झाला. वाटलं, मलाच लागलं. मग त्याच्या डोळ्यामागची लाल पट्टी नखानं खरवडली, तर सालपट निघालं. नेलपॉलिश! दुसरं पाह्यलं, तिसरं पाह्यलं, सगळी तसलीच. लाल पट्टी म्हणजे परदेशी कासव, ते घरात चालतं. ही तर आपल्या इकडच्या नदीतली. पाळली की वनखातं धरतं.

ह्यांना दाखवलं. म्हणे, "माल देणाऱ्या नांदेडवाल्यानं फसवलं." ते झालंच. पण याच मालातलं एक साखरपुड्यात डोंगरकड्याला दिलंय, त्याचं काय? व्याह्यांना दुकानात आवडलं म्हणून हौसेनं दिलं. लेकीच्या, मीनाच्या होणाऱ्या सासरी! जेवण गेलं नाही.

१३ नोव्हें.
हे नांदेडवाल्याशी फोनवर बोलले. तो उलट हसला. "छे महिने रंग नहीं जाता. तब तक गिराक भूल जाता." मेल्याला लाज नाही.

ह्यांचं एकच, लग्न होईस्तोवर गप बस. "काहून खाजवून खरूज काढून राहिलीस?" म्हटलं, व्याह्यांच्या दारात वनखात्याची जीप आली तर? "कोण येऊन राहिलं तिथं! लई सत्याची पुतळी लागून गेलीस." भांडायचंही त्राण नाही आता.

१५ नोव्हें.
एक मास्तर आले. लेकराला कासव पाहिजे. नाही म्हटलं. "टाकीत तर दिसून राहिले की." म्हटलं, आजारी आहेत. म्हणजे मीही खोटंच बोलले. मीनाला अजून काही सांगितलं नाही. ती आपली लग्नाच्या साड्यांचं बोलत असते. मी हो हो करते.

१९ नोव्हें., रवि.
बहिणीकडं जाते सांगून एस्टीनं डोंगरकड्याला गेले. कासव टीव्हीशेजारी, काचेच्या भांड्यात. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या घरून लक्ष्मीच आली बगा. हे आलं अन् पोराला नोकरीचं बोलावणं आलं." पट्टी लालभडक, कुठं ओरखडा नाही. हे एक तरी खरं निघालं! जिवात जीव आला.

तरी राहवलं नाही. विहीणबाई चहाला आत गेल्यावर व्याह्यांना ओसरीवर सगळं सांगितलं. मान वर करवेना.

त्यांनी आतल्या दाराकडं पाह्यलं. मग हळूच म्हणाले, "ताई, आमाला म्हाईत हाय. पंधरा दिसात पट्टी उडाली. आमच्या पोरानंच पुन्हा रंगवली. म्हणला, पावण्यारावळ्यात मीनाच्या माहेराचं हसं नको. तिकडं बी काई बोलू नका."

"मग तुमी काहून बोलला न्हाई?"

"आमाला वाटलं, तुमाला म्हाईत असंल."

देवा रे. म्हणजे इतके दिवस आम्हाला लबाड समजूनच हसून बोलत होते. विचारलं, मग सोयरीक काहून ठेवली? म्हणाले, "पोरगी चांगली हाय."

कासव परत मागितलं. "आमच्या बाईला काय सांगू? तिला तर ही लक्ष्मी वाटती." म्हणाले. तसंच राहिलं तिथं. गाडीत रडू आलं.

२० नोव्हें.
मीनाला सांगितलं, सगळं. आधी हसली. "माझ्यासाठी रंगवलं त्यानं?" गाल लाल झाले पोरीचे. मग भाजी निवडता निवडता थांबली. "पण आई, परवा फोनवर मी विचारलं, कासव कसंय? बराबर हाय म्हणाला. जरा बी अडखळला न्हाई." पोरगं मायेचं म्हणावं का लबाड? दोन्ही असेल तर?

हे म्हणतात, एवढ्याशा रंगावरून घर फोडू नका. चूल पेटवायचंही मन नव्हतं.

दु. डोंगरकड्याहून पोराचा फोन आला. मीना म्हणाली, "सांग, मी घरी न्हाई." म्हटलं, मी नाही सांगणार. पोराला म्हटलं, आहे घरी, पण बोलायचं नाही म्हणते.

"काहून, मामी?"

"कासवावरून."

मग म्हणाला, "मी येऊ का उद्या?"

मीनाकडं पाह्यलं. मान हलेना तिची. म्हटलं, ये. आणि काय म्हणणार होते.