अमर वर येईपर्यंत

राजूर, १२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलाव तर अमर बाजूलेच बसून राह्यते, म्हणून लिहून राह्यली. परवा खाणीत वरचा दगड सुटला. अमरच्या पायाले मार लागला, हाड शाबूत आहे. संगतच्या माणसाले नागपूरच्या दवाखान्यात नेलं. अमर म्हणे, सुनेले सांगू नको, ती नोकरी सोडून येईन. पण तुझे सासरे खाणीत होते तवा मले सगळ्यात शेवटी कळे. तसं तुझं नको व्हाले.

निकिता बापाच्या लंगडण्याची नक्कल करते अन् मंग आपणच रडते. माही आई कालेजातल्या पोरींवरही रागावते का, असं मले विचारत होती.

भेऊ नको असं लिवणार होती, पण मीच भेली आहे. जिवाले जपजो.

तुझी आई,
कोकिळा

कोल्हापूर, १७ नोव्हेंबर

तीर्थरूप आईंना साधनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र स्टाफरूममध्ये उघडलं आणि पुढचा तास घेता आला नाही. यांना फोन केला तर गाडीवरून घसरलो म्हणाले. मीही पटल्यासारखं दाखवलं. तेव्हापासून फोन वाजला की उचलायला हात धजत नाही.

वणीला तासिकांवर शिकवत इतकी वर्षं काढली, कायमची नोकरी मिळाली ती इतक्या लांब. ही सोडलीस तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, असं आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या. तरी राजीनामा लिहून ठेवला आहे. हे खाली असताना काही झालं तर निकिताला पोटाशी कुणी धरायचं? सगळं तुमच्यावर टाकून मी इथे रसायनशास्त्र शिकवते आहे. तुम्ही म्हणाल तर उद्या निघते.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
साधना

राजूर, २४ नोव्हेंबर

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

राजीनामा फाडून टाक. तुझं पत्र अमरले वाचून दाखवलं. तवा म्हणे, आता खाली उतराचं मले भेव वाटते, पण साधनाले कोण्या तोंडानं सांगू. तिनं नोकरी सोडली तर मले जन्मभर खालीच जा लागन, म्हणे. त्याच्या बापानं असं कधी कबूल केलं नसतं. म्या म्हटलं, बायको कमावते तर काहून भेतं, खाण सोड.

त्यानं नोटीस देली. महिनाभर आणखी जा लागते, मंग निकिताले घेऊन तिकडंच येते. घर पाहून ठेवजो. मी मागून येईन. खाणीच्या गेटावर उभं राह्याची सवय मोडाले मले वेळ लागन.

दगड पडल्यावर आज पहिल्यांदा उतरला तो. निकिता शाळेत गेली नाई, दारात बसून आहे. चूल पेटवाले माहेही हात उठत नाई. तो वर आला तरच हे पाकीट टपालाच्या पेटीत टाकीन.

तुझी आई,
कोकिळा

ता. क. निकिताच्या हातानं टाकून राह्यली.