टाकी लावलेल्या दगडाचे पहिले पीठ

मी, काशम्मा सिद्धप्पा कलशेट्टी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार जोडभावी पेठ, सोलापूर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी असा लेख मी केलेला नाही. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी रागात आहे याला दाखला लागत नाही, पुढे वाचावे.

१. राहते घर, सोन्याच्या पाटल्या आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी सिद्धेश्वरी, राहणार मंगळवेढा, हिला मिळावी. पाटल्या मोडून नव्या घडणीच्या करू नयेत. केल्या तर मला कळणार नाही, तरी करू नयेत. गळ्यातले लिंग माझ्याबरोबर मातीत जाईल, त्याची वाटणी नाही.

२. गिरणी यजमानांनी माझ्या नावावर घेतली होती. ते गेल्यावर ती दोन वर्षे बंद होती. मोटार जळालेली, पट्टा उंदरांनी खाल्लेला, दगड गुळगुळीत. तेव्हा धाकटे दीर शिवपुत्र मला म्हणाले, "वैनी, ही गिरणी मेली. भंगारात घाला की." मी घातली नाही. वायरमनने मोटार भरून दिली आणि म्हणाला, जिवंत झाली. टाकीवाल्याने छिन्नीने दगडाला नवे दात पाडले आणि म्हणाला, दगड उघडला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काशम्माची गिरणी उठली. फक्त शिवपुत्र म्हणाले, "वैनीनं मढं उकरलं."

३. पुढचे नीट वाचावे, सगळे भांडण इथलेच आहे. टाकी लावलेल्या, म्हणजे नवे दात पाडलेल्या, दगडाचे पहिले पीठ माणसाने खायचे नसते. त्यात दगडाची कच असते. आधी कोंडा दळायचा, तो टाकून द्यायचा, मग गिऱ्हाईक. हे गिरणीच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. चालू झाल्यावर वर्षभराने मी पुन्हा टाकी लावून घेतली आणि मुलीला आणायला एसटी स्टँडवर गेले. मागे शिवपुत्र यांनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि मठाच्या दासोहाची, म्हणजे अन्नदानाच्या पंगतीची, ज्वारी त्याच दगडावर दळून दिली. मठात आपले नाव व्हावे एवढीच हौस. पंगतीत माणसे घास थुंकू लागली. तेव्हा हे उठून सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात गिरणी दिली की असंच हुतंय." लोक हसले. मी दळणारी नव्हते, हे मी घरोघर सांगितले. कोणी ऐकले नाही.

गिरणी दुसऱ्यांदा बंद पडल्यासारखी झाली. या वेळी मोटार चांगली होती, नाव गेले होते. ते भरून देणारा वायरमन सोलापुरात नाही. मी रोज सकाळी गिरणीच्या दारात बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, माझ्याच पिठाची भाकरी नुसती चावून खाल्ली. एकेक डबा परत यायला लागला. त्या काळात माझ्या दोन दाढा गेल्या, त्याही शिवपुत्र यांच्या खाती मांडाव्यात.

४. सबब गिरणी, मोटार, दोन्ही दगड, छिन्नी व हातोडी माझी जाऊ महेश्वरी हिला एकटीला मिळावी. ती शिवपुत्र यांची बायको असली तरी. त्या पंगतीत तिने आपल्या पानातली कचकचीत भाकरी शेवटपर्यंत खाल्ली आणि वाकून माझ्या कानात म्हणाली, "आक्का, कुणी दळलंय मला ठावं हाय." नवऱ्यापुढे तिला बोलता आले नाही. आता बोलावे. किल्ली तिच्या कमरेला राहील. शिवपुत्र यांना दळण हवे असेल तर डबा घेऊन रांगेत उभे राहावे.

५. गेल्या महिन्यात मी अंथरुणाला खिळले होते. शिवपुत्र एका एजंटाला घेऊन आले आणि माझ्या उशापाशी उभे राहून गिरणीची जागा हाताने दाखवू लागले. "आता हे काय उठत न्हाई," असे म्हणाले. मी उठले. एजंटाला चहा दिला आणि वाटेला लावले. त्याच रागावर मी आजवर चालते-फिरते आहे.

६. घराची वरची खोली महेश्वरीला हयातभर वापरायला राहील. शिवपुत्र यांनी तिथे राहायचे असेल तर अट एकच. मी गेल्यावर माझ्या शिवगणाराधनेच्या जेवणाला त्याच मठात पंगत बसेल. पाने मांडून झाली की शिवपुत्र यांनी उभे राहून पुढील मजकूर मोठ्याने वाचावा:

"मठाची ज्वारी मी दळली. टाकी लावलेली मला माहीत होती. वैनी घरात नव्हत्या. मी खोटं बोललो."

वाचताना खोकला आला तर पाणी द्यावे आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावावे. मागच्या ओळीला ऐकू गेले नाही असे कोणी म्हणाले तर पुन्हा वाचावे. तोवर कोणाच्याही पानात काही वाढू नये.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. एक शब्द मऊ करायचा सल्ला वकिलांनी दिला होता, तो मी मानलेला नाही.

लिहून देणार: काशम्मा सिद्धप्पा कलशेट्टी (सही)

साक्षीदार, दोघेही त्या पंगतीत जेवायला होते:
१. रेवणसिद्ध चन्नवीर पाटील (सही)
२. तिप्पण्णा गुरुशांत बिराजदार (सही)

सोलापूर, दि. ११ फेब्रुवारी २०२५