मैथिलीने ग्रुप सोडला

चौल,
३ मार्च

प्रिय मैथिली,

पाकीट बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू ‘ठीक आहे’ आणि ‘ठेवते’ यांच्या पुढे जात नाहीस. मेसेज केला तर दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटतात, उत्तर काही येत नाही. पत्र तू वाचलंस की नाही हे मला कळणारच नाही, त्यामुळे निदान वाट बघत फोन हातात धरून बसायला नको.

सहा महिने झाले तुला आपला तो आजारवाल्यांचा ग्रुप सोडून. ‘मैथिलीने ग्रुप सोडला’ अशी ओळ माझ्याच मेसेजच्या खाली आली, दोनशे बारा माणसांसमोर. लगेच एकेकाचं सुरू झालं, ‘काकू, काय झालं? मैथिली बरी आहे ना?’ मी काय सांगणार? नेटवर्कचा घोळ असेल म्हणाले. एकतीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि तुझ्यापायी दोनशे लोकांशी खोटं बोलले.

त्या ग्रुपवर काय चालतं हे तू मला सांगायला नको. सकाळी सहाला गुलाबाची फुलं सुरू होतात. नाशिकचे ते निवृत्त साहेब रोज शेवग्याच्या पाल्याचा रस पाजतात. स्नायू दमवणाऱ्या मायस्थेनियावर शेवगा! कुणी म्हणालं मी दिवसाला सहा गोळ्या घेते, की दुसरीच्या आठ तयार. मागे एकाने आयसीयूतल्या बायकोचा नळ्या लावलेला फोटो टाकला होता, तेव्हा तू मला म्हणालीस, “आई, मला हा आजार आहे हे मला माहीत आहे. दिवसातून वीस वेळा कुणी सांगायला नको.” मी तुलाच दामटलं, एवढं मनाला लावून घेऊ नये म्हणून. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे मात्र तुला सांगितलं नाही.

पण मी तिथे का गेले, हे तू कधी विचारलंस का? दोन वर्षं आपण तुझी उतरलेली पापणी घेऊन वणवण केली. एकाने चष्मा दिला, दुसऱ्याने झोप कमी पडते म्हटलं. वाडीत सुपाऱ्या सोलायला आलेली रंगू म्हणाली, “बाय, पोरीला नजर लागली हाय.” खोटं कशाला बोलू, मी मीठमोहऱ्याही उतरवल्या. मग मुंबईच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, आणि ते नाव घेऊन मी घरी आले तर अख्ख्या चौलात ते कुणी ऐकलेलं नव्हतं. तुझ्या मावशीला ते नीट म्हणता येईना. ग्रुपवर गेले आणि पहिल्याच दिवशी पुण्याच्या त्या हर्षदने विचारलं, “काकू, अर्धं जेवण झालं की तिचा जबडा दमतो का?” मैथिली, मी ओट्याशी उभी राहून रडले. तू भाकरी अर्धी टाकून उठायचीस आणि मी तुला नखरे म्हणून ओरडायचे. हा मुलगा स्वतः आजारी, तोवर आपण त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्याला ते ठाऊक होतं.

तुझा घसा धरला तेव्हाही त्यानेच लिहिलं की इथल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी या आजारात चालत नाही, आधी मोठ्या डॉक्टरांना विचारा. विचारलं, तर त्यांनी ती लगेच बंद केली. मग मी त्या ग्रुपला वाईट कसं म्हणू? शेवगा असू दे नाहीतर गुलाब असू देत.

मात्र एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ज्यांना बरं वाटतं ती माणसं हळूच निघून जातात. त्यांना ऑफिस असतं, लग्नं असतात, सिनेमे असतात. मागे उरतात नव्याने घाबरलेले. आणि माझ्यासारख्या आया. त्यांचं पोर बरं असलं तरी त्या तिथून हलत नाहीत.

आता त्या फोटोचं. गणपतीत संध्याकाळी दमून झोपाळ्यावर बसलेली तू, डावा डोळा मिटलेला, ओठ एका बाजूला ओघळलेला. मी तो टाकला तो पापणी जास्त उतरली आहे का, हे विचारायला. त्याखाली पेणच्या स्थळाने नकार दिल्याचंही लिहिलं, कारण कुणाशी तरी बोलायचं होतं. तो फोटो फिरत फिरत तुझ्या पुण्याच्या ऑफिसातल्या मुलीच्या मोबाइलवर जाईल आणि ती चहाच्या टेबलावर तुला “ही तूच ना गं?” म्हणून विचारील, हे मला कसं कळणार? ‘एवढं काय झालं’ असं मी तुला फोनवर म्हणाले. बाबांनाही तेच म्हणाले. तुला माहीत आहे, ते बोलतात किती. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “कुमुद, तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस. मी तुझा फोटो कुणाला पाठवला होता का?” मग उठून वाडीत पाणी लावायला गेले. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग त्यांचा नव्हता, हे त्यांनाही कळत असणार.

आता तो फोटो पुसता येत नाही म्हणे. म्हणून परवा मीच ग्रुपवर लिहिलं, हा फोटो मी मुलीला न विचारता टाकला होता, ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपा करून काढून टाका. बऱ्याच जणांनी काढला म्हणून कळवलं. नाशिकच्या साहेबांनी तर हात जोडून क्षमा मागितली, त्यांनीच तो पुढे धाडला होता. एका बाईने लिहिलं, ‘माझा मुलगाही दोन वर्षं माझ्याशी असाच बोलत नाही, आज कारण समजलं.’

खरं तर मी हे पत्र त्या फोटोसाठी लिहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात हर्षदचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. ‘काकू, मैथिली आता पूर्ण बरी ना? जानेवारीत श्वासाचं झालं तेव्हा आम्ही फार घाबरलो होतो. संक्रांतीपासून पाच दिवस मी दवाखान्यात डबा नेत होतो.’ मी होय म्हणून उत्तर दिलं आणि मग कॅलेंडर काढून बसले. पाच दिवस तू दवाखान्यात होतीस. त्या पाच दिवसांत मी तुला वाडीत मडक्यात शेंगा भाजायला, पोपटीला येणार का म्हणून विचारत होते, आणि उत्तर आलं नाही तर ‘एवढा कसला माज’ असं म्हणून आवाजी निरोप पाठवला होता. तू तो तिथे खाटेवर ऐकला असशील. हर्षद डबा घेऊन येत होता, आणि तुझ्या आईला ठाऊक नव्हतं. तू का सांगितलं नाहीस, हे मी विचारणार नाही. मला कळलंय. तू सांगितलं असतंस तर मी अर्ध्या तासात ग्रुपवर लिहिलं असतं. तुझी भीती खरी होती, मैथिली. आज सकाळी मी ग्रुप सोडला. शेवगा सुटला, पण हर्षदसारखी माणसंही सुटली. हर्षदलाही मी परस्पर विचारणार नाही. आता तुझ्या आजाराचं विचारायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तू सांगशील तेवढंच मला कळेल. जास्त नको सांगूस. फक्त पुन्हा कधी श्वास अडला तर दोन शब्द कळव. मी मिळेल ती एसटी धरून येईन, दाराशी बसेन, आणि कुणालाही काही सांगणार नाही. तुझ्या मावशीलासुद्धा नाही.

तुझीच,
आई